थंडीच्या भाज्या लावताय? आधी या चुका टाळा

थंडीच्या भाज्यांची सगळ्यात जास्त वाट लागते ती घाईने. सकाळी जरा गारवा जाणवला की लोक पालकाचं बी टाकून मोकळे होतात. माती मात्र हवेपेक्षा सावकाश निवते. ती ३० अंशांच्या आसपास तापलेली असली की पालक धड उगवत नाही आणि लेट्यूसचं बी तर नुसतं पडून राहतं. मग खापर फुटतं बियाण्यावर! भर दुपारी कुंडीत बोट खुपसून बघा. आत कोमट लागलं तर आणखी थोडं थांबा. थांबवतच नसेल तर निदान संध्याकाळी पेरा, वर ओलं गोणपाट टाका आणि पहिला कोंब दिसताच ते उचला.

उशीर करणाऱ्यांचा हिशोब वेगळाच चुकतो. पाकिटावर ६० दिवस लिहिलेत म्हणून थंडीच्या आधीचे नेमके ६० दिवस मोजतात. दिवस लहान होत गेले की वाढ मंदावते, म्हणून मी दोन आठवडे नेहमी वरचे धरते.

पण मला खरी चीड येते ती जून झालेल्या, म्हणजे ट्रेमध्ये फार दिवस राहिलेल्या रोपांची. ओळखीच्या एका मुलाने रोपवाटिकेतून फ्लॉवरची रोपं आणली, मुद्दाम सगळ्यात उंच बघून. "ताई, ही लवकर येतील ना?" ट्रेमधून एक रोप उपसून दाखवलं. मुळं गोल गोल फिरून मातीचा गोळा पांढरा पडला होता, देठ कडक झाला होता, खालची पानं पिवळी. परत देऊन ये म्हटलं, ऐकलं नाही. पुढे गड्डा लवकर दिसला म्हणून स्वारी खुशीत होती. तो गड्डा लिंबाएवढा झाला आणि तिथेच थांबला. ट्रेमध्ये रोपाची उपासमार झाली की ते पानं वाढवायचं सोडून थेट गड्डा धरतं, आणि त्याला पोसायला पुरेशी पानंच नसतात. मग कितीही खत ओता, काही होत नाही. चार-पाच पानांचं, बुटकं, हिरवंगार रोप घ्या. विकणारा कितीही कुरकुरला तरी मुळं बघितल्याशिवाय मी रोप घेत नाही.

"उपटायला जीव होत नाही हो" हे ऐकून तर कान किटलेत. विरळणी, म्हणजे दाट उगवलेली जादा रोपं काढणं, केली नाहीत तर मुळ्याचा नुसता पाला मिळेल आणि गाजरं दोरीसारखी निघतील. गाजराच्या दोन रोपांत बोटाच्या जाडीएवढं नाही, चांगलं ५ सेंटिमीटर अंतर हवं. उपटल्याने शेजारच्या रोपाची मुळं हलतात, म्हणून मी जादा रोपं कात्रीने मातीलगत कापते. आणि काढलेली गाजराची रोपं दुसरीकडे लावायचा मोह नको, मधलं मूळ दुखावलं की फाटे फुटतात. कच्च्या शेणखतानेही तेच होतं.

कोथिंबिरीचे धणे हलक्या हाताने रगडून दोन दले वेगळी करा, पीठ करू नका. लसणाची पाकळी सालासकट लावा, टोक वर. मटाराला युरिया देऊ नका, नुसता वेल माजतो.

कोबीची पानं मात्र उलटी करून बघत जा, रोज. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी पानाच्या खालच्या बाजूला असते. वरून भोकं दिसेपर्यंत ती बरंच खाऊन झालेली असते. सुरुवातीलाच बारीक जाळी घातलीत तर फवारणीची वेळ बहुधा येत नाही, पण जाळीचे शंभर रुपये वाचवून औषधावर खर्च करणारेच जास्त भेटतात.

कांद्याचं बी फार टिकत नाही. गेल्या हंगामातलं उरलेलं पेरायचं असेल तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. दहा-बारा दिवसांत निम्म्यांनाही मोड आले नाहीत तर सरळ नवं बी आणा.