जिल्ह्याचा डिजिटल आराखडा करताना आधी हेलपाटे मोजावेत

जिल्ह्याच्या विकासाचा प्रारूप आराखडा तयार करण्याचे काम 74व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीकडे सोपवले, आणि महाराष्ट्रात त्यासाठी 1998चा स्वतंत्र कायदा आहे. या आराखड्यात डिजिटल अर्थव्यवस्थेचा विषय आला की पुष्कळदा संगणक, टॅब आणि प्रिंटर यांच्या खरेदीची यादीच पुढे येते. अशी यादी मंजूर होऊनही गावातल्या माणसाचा एखादा तरी व्यवहार सोपा होईल याची खात्री नसते, म्हणून खरेदीचा विचार शेवटी करावा आणि सुरुवात लोकांच्या हेलपाट्यांपासून करावी.

त्यासाठी पाच-सहा गावे निवडावीत. त्यांत तालुक्याच्या ठिकाणाजवळचे एक, आठवडी बाजाराचे एक आणि डोंगरातला एखादा पाडा असावाच. प्रत्येक ठिकाणी उत्पन्नाचा दाखला, सातबाऱ्यावरील वारसनोंद, निराधार योजनेचे पैसे हातात पडणे आणि शेतमालाची विक्री या चार कामांसाठी किती फेऱ्या झाल्या, भाड्याला किती पैसे गेले आणि किती दिवसांची मजुरी बुडाली, हे घरोघर विचारून लिहून घ्यावे.

याच टप्प्यावर नियोजन अधिकाऱ्याने एक अख्खी दुपार आपले सरकार सेवा केंद्रात किंवा बँकेच्या वतीने गावात पैसे देणाऱ्या बँक मित्राच्या टेबलाशेजारी बसून काढावी, असा माझा आग्रह आहे. वर्षानुवर्षे कापूस वेचून किंवा विटा वाहून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नाही. बाई हात पदराला पुसते, पुन्हा बोट ठेवते आणि शेवटी ‘उद्या या’ ऐकून परत जाते. दुसरीचे नाव आधारवर ‘बाई’ लावून असते आणि पासबुकात ‘बाई’ नसते, तेवढ्यावरून पैसे अडकतात. या दोन्ही अडचणी इंटरनेटचा वेग वाढवून सुटणाऱ्या नाहीत. त्यांसाठी डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवणारे यंत्र आणि बाजाराच्या दिवशी भरणारे आधार दुरुस्तीचे शिबिर लागते, आणि या दोहोंची तरतूद आराखड्यात ठळकपणे दिसली पाहिजे.

इंटरनेट जोडणीचा भाग लिहिताना ‘ग्रामपंचायत जोडली’ एवढ्या नोंदीवर थांबू नये. 2011 साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेतून फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येते, पण त्याला जोडलेले यंत्र ज्या खोलीत आहे तिला कुलूप असेल, वीजबिल थकले असेल किंवा बॅटरी संपली असेल तर त्या जोडणीचा कुणालाच उपयोग नाही. रस्त्याच्या किंवा नळयोजनेच्या खोदाईत जेसीबीने केबल तुटते, म्हणून खोदाईची परवानगी देण्यापूर्वी केबलची देखभाल करणाऱ्या यंत्रणेला कळवणे बंधनकारक करावे. तुटलेली केबल कोणी, किती तासांत आणि कोणत्या लेखाशीर्षातून दुरुस्त करायची, हे नावानिशी नाही तरी पदानिशी लिहावे.

बाजार समित्यांच्या बाबतीत, एप्रिल 2016 मध्ये सुरू झालेल्या ई-नाम या शेतमालाच्या राष्ट्रीय ऑनलाइन बाजारात समितीचे नाव आले म्हणजे काम झाले, असे धरू नये. माल डोळ्यांनी न पाहता दूरचा व्यापारी बोली लावेल ती प्रतवारीवर विश्वास बसला तरच. तेव्हा तपासणीची साधने आणि ती चालवणारा प्रशिक्षित माणूस यांसाठी आधी पैसे ठेवावेत.

निधीसाठी जिल्हा वार्षिक योजनेतील नाविन्यपूर्ण योजना आणि ग्रामपंचायत विकास आराखडे एकत्र पाहावेत. केंद्रांवर साठणाऱ्या आधारच्या स्कॅन केलेल्या प्रतींचे काय करायचे, याचा नियमही आताच ठरवावा, कारण डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला आहे.

शेवटी मोजमाप. 2015च्या लोकसेवा हक्क अधिनियमानुसार अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे, त्यामुळे किती अर्ज मुदतीत निकाली निघाले ही माहिती कार्यालयांकडून मिळू शकते. मात्र मुदतीत निघालेला दाखलाही चार फेऱ्यांनंतर हाती आलेला असू शकतो. म्हणून दर सहा महिन्यांनी त्याच गावांत, त्याच चार कामांची पुन्हा मोजणी करावी आणि ते आकडे जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीपूर्वी त्या त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावेत, म्हणजे चुकीचा आकडा तिथल्या तिथे दुरुस्त होईल.