वैनगंगेवर नावेने मुक्कामी जाताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की विचारणा सुरू होते. "भाऊ, पवनीहून मार्कंड्यापर्यंत नावेनं जायचं आहे, किती किलोमीटर पडेल?" जाणाऱ्यांची हौस खरी असते आणि मला तिचं कौतुकही वाटतं. पण बहुतेक सहली या पहिल्या प्रश्नातच फसतात.

हिवाळ्यातली वैनगंगा एकसारखी वाहत नाही. धारेत नाव आपसूक चालते. डोहात पाणी जागचं हलत नाही, तिथे तासन्तास वल्हवावं लागतं. उथळ रेतीवर तर सगळ्यांनी खाली उतरून नाव ओढायची. चिचडोहसारख्या बॅरेजचं, म्हणजे नदीवरच्या दारांच्या बंधाऱ्याचं, पाणी अडवलं की मागचं पात्र तळ्यासारखं होतं, आणि दुपारी समोरून वारा सुटला तर रबरी राफ्ट चक्क मागे सरकते. त्यामुळे नकाशावर दोरा ठेवून "रोज पंचवीस किलोमीटर" ठरवणारे दुसऱ्याच दिवशी अंधारात मुक्कामाची जागा शोधत फिरतात. मी दिवसाला दहा-बारा किलोमीटर धरतो. धुकं उठल्यावर निघायचं आणि तीन वाजता नाव काठाला लावायची. डिसेंबरात साडेपाचनंतर उजेड राहत नाही, आणि मुक्कामाची जागा उजेडातच पारखावी लागते.

सगळ्यात मोठी चूक: रेतीच्या बेटावर तंबू

पांढरीशुभ्र रेती, चारी बाजूंनी पाणी, जनावराची भीती नाही. बेट पाहिलं की नवखा माणूस तिथेच सामान उतरवतो. आम्हीही एकदा उतरवलं होतं. डिसेंबरचा महिना, आम्ही सहा जण आणि सोबत एक ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातले, काका. भात आणि वांग्याची भाजी खाऊन आम्ही तंबूत शिरलो. काकांनी मात्र पाण्याच्या कडेपासून हातभर वर बांबूची एक काडी रोवली, नावेचा दोर लांब सोडून खुंटीला बांधला आणि काडीजवळच घोंगडी अंथरली. आम्हाला वाटलं, त्यांना मोकळ्यावर झोपायची सवय असेल.

रात्री दोनच्या सुमारास त्यांची हाक आली. "उठा जी, पानी वाढून रायलं." काडी वीतभर पाण्यात होती. आभाळ चांदण्यांनी भरलेलं, पावसाचा टिपूस नाही. पाणी वरून सुटलेलं होतं. वीस मिनिटांत मिळेल ते नावेत कोंबून आम्ही काठ गाठला. दोघांचे बूट आणि एक पिशवी गेली. उजाडलं तेव्हा अर्धं बेट दिसत नव्हतं. काकांनी ती काडी रोवली नसती तर काय झालं असतं, या विचाराने आजही मला झोपेतून जाग येते.

ही नदी इथल्या आभाळावर चालत नाही. तिचा उगम मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यात. तिथेच वर संजय सरोवर धरण आहे आणि खाली पवनी तालुक्यात 33 दारांचं गोसीखुर्द धरण. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वरून आलेल्या पाण्याने भंडारा, ब्रह्मपुरी आणि गडचिरोली भागातली गावं कशी बुडाली, ते इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. पावसाळ्यात या नदीवर मुक्कामी सहलीचं नावच काढू नये. हिवाळ्यातही पाणी सोडलं जातं. तेव्हा निघण्याआधी पाटबंधारे विभागाच्या कार्यालयात तारखा सांगून या आणि वाटेत रोज फोन करून विचारा.

मुक्कामाच्या जागेची माझी परीक्षा एकच आहे. रात्री नावेला हात न लावता, पाण्यात पाय न घालता, पायी उंच काठावर जाता येतं का? येत नसेल तर जागा कितीही सुंदर असो, पुढे चला. आणि काडी रोवायचीच, दोन तासांनी कुणीतरी टॉर्च मारून बघायचं.

बाहेरचा गाइड आणला, नावाडी सोडला

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं ते धरणातून ठरल्या वेळी सोडलेल्या पाण्यावर. तिथल्या गाइडला सुटलेलं पाणी म्हणजे कामाची सुरुवात. आपल्याकडे तेच पाणी रात्री तंबूखाली येतं. तिथून आलेली पोरं बचावाचं काम उत्तम जाणतात, दोर फेकणं, उलटलेली राफ्ट सरळ करणं, सगळं. पण कोणत्या घाटाखाली रेती उपसून पुरुषभर खड्डे झालेत, कुठे जाळी ताणलेली असतात, कोणत्या डोहात जुन्या रपट्याचे (बुटक्या पुलाचे) दगड आहेत, हे काठावरच्या ढिवर-भोई माणसालाच ठाऊक. म्हणून दोघंही हवेत. आणि नावाड्याला हमालासारखं मागच्या नावेत बसवू नका, पुढच्या नावेत बसवा. त्याची मजुरी गाइडइतकीच द्या. त्याने "इथं नाही जी" म्हटलं की वाद घालायचा नाही.

उपशाच्या खड्ड्यांबद्दल आणखी थोडं. गुडघाभर पाण्यात नाव ओढताना पुढचं पाऊल एकदम डोक्यावर पाण्यात जातं. वैनगंगेवर माझ्या डोळ्यांदेखत तीन वेळा असं झालं, तिन्ही वेळा लाइफ जॅकेटने वाचवलं. उथळ पाणी आहे म्हणून जॅकेट काढून बसणं ही पोहता येणाऱ्यांची चूक आहे. बॅरेज किंवा बंधाऱ्यावरून मात्र जॅकेट घालूनही उतरू नका. पडणाऱ्या पाण्याच्या पायथ्याशी जे गरगरतं ते माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढतं. शंभर-दोनशे मीटर आधीच काठाला लागा आणि नाव खांद्यावर घेऊन पलीकडे उतरवा.

एकाच काठाची परवानगी

वडसा-आरमोरीच्या पट्ट्यात डावा काठ गडचिरोली जिल्ह्याचा, उजवा चंद्रपूरचा. म्हणजे पोलीस ठाणी दोन आणि वनविभागही वेगळे. एका बाजूचा कागद घेऊन दुसऱ्या बाजूला चूल पेटवली की सकाळी वनरक्षक समोर उभा असतो, आणि तो बरोबर असतो. ग्रामसभेलाही विचारा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातल्या अनेक गावांना मिळाला. काठावरचा बांबू आणि वाळलेलं लाकूडसुद्धा कुणाचं तरी आहे. आम्ही सरपण गावातून विकत घेतो.

वाघ, मण्यार आणि पहाटेचा डबा

ब्रह्मपुरी आणि वडसा भागात वाघाच्या हल्ल्यांत माणसं गेलेली आहेत. ही गोष्ट गावकऱ्यांसाठी रोजच्या जगण्याची आहे, आपल्यासाठी फोटोची नाही. जनावरं पाण्यावर उतरतात ती वाट रेतीवर स्पष्ट दिसते. तिच्यापासून लांब राहा. पहाटे किंवा तिन्हीसांजेला कुणीही एकट्याने झुडपाआड जाऊ नये, दोघांनी जावं, बोलत जावं. सरपणासाठी वाकून रानात शिरणं तर नकोच.

खरी भीती मला मण्यारीची वाटते. ती रात्री अंथरुणात शिरते. चावल्याची जागा दुखत नाही, सुजत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. अशा वेळी "भाजी बाधली असेल" म्हणून थांबणं जिवावर बेततं. करकचून बांधू नका, कापू नका, 108 ला फोन करा आणि सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयाकडे निघा. प्रत्येक मुक्कामाला जवळचं रुग्णालय कोणतं आणि रस्ता कुठून, हे आधीच लिहून ठेवा. मोबाइलला रेंज नसते तिथे गावात गाडी कुणाची आहे तेही विचारून ठेवा. झोपायचं ते तळ असलेल्या, चेन पूर्ण लागणाऱ्या तंबूतच.

पाणी आणि शौच

नदीचं पाणी उकळलं की झालं, हा गैरसमज आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेतच येतं. उकळून जंतू मरतात, रसायनं जात नाहीत. माणशी दिवसाला चार-पाच लिटर पाणी कॅनमध्ये न्या, गावातल्या बोरिंगवर भरत चला.

रेतीत खड्डा करून मैला पुरला तर पाणी चढताच तो नदीत जातो. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीवर जाणाऱ्यांना सगळा मैला डब्यात भरून परत न्यावाच लागतो. आपल्यालाही घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि लाकडाचा भुसा एवढ्यात जमतं. खालच्या गावची बाई त्याच पाण्यात भांडी घासते.

नाव उलटली तर

आधी डोकी मोजा, सामान नंतर. वाहत्या पाण्यात उभं राहायची धडपड करू नका, दगडाच्या फटीत पाय अडकतो. पाठीवर पडून पाय पुढे, बोटं पाण्यावर ठेवा आणि तिरके काठाकडे सरका. पडलेल्या झाडाच्या फांद्यांपासून लांब राहा, पाणी निघून जातं आणि माणूस अडकतो. काठावर आल्यावर ओले कपडे लगेच बदला. हिवाळ्यात वारा अंगाला लागला की हुडहुडी भरते, म्हणून प्रत्येकाचा एक कोरडा जोड वेगळ्या ड्राय बॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) हवा. तांदूळ, डाळ आणि माचीसही तशीच. पहिल्या सहलीत आमचा सगळा तांदूळ एकाच पोत्यात होता, तो भिजला आणि दोन दिवस आम्ही मुरमुऱ्यांवर काढले.

निघायला नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मार्चपासून नदी सुरय हा पक्षी उघड्या रेतीवर अंडी घालतो. अंडी रेतीच्याच रंगाची, पायाखाली आली तरी कळत नाही. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागले तर आल्या पावली नावेत बसा आणि पुढचा काठ धरा.