बाबातीकडे शिकवायला येताय?

दरवर्षी दिवाळी झाली की दोन-तीन फोन येतातच. टांझानियातल्या एखाद्या खेड्यात वर्षभर शिकवायला निघालेली आपली पोरं असतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, बरोबर काय आणू?" कुकर आणा, आणि त्याच्या रबरी रिंगा दोन जास्तीच्या. का, ते शेवटी सांगते.

मी २०११ साली मान्यारा प्रांतातल्या बाबाती जिल्ह्यात गणित आणि फिजिक्स शिकवायला आले. एका वर्षाची तीन झाली, मग अरुशा शहरात घरच केलं. तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं जे जे आहे ते लिहिते.

कागदपत्रांचं आधी उरकून टाकू. स्वयंसेवकांना इथे क वर्गाचा, म्हणजे 'क्लास सी' रहिवासी परवाना लागतो. टूरिस्ट व्हिसावर येऊन वर्गात उभं राहू नका. पिना ब्रिटिश पद्धतीच्या, चौकोनी तीन पायांच्या, त्यामुळे आपले चार्जर बसत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर जून २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा आईने मसाले कॅरीबॅगांत बांधून दिले असतील तर निघण्याआधीच डब्यात ओता.

गावात पोचलात की शाळेआधी ग्रामकार्यालय गाठा. तिथे म्वेन्येकिती, म्हणजे गावचे अध्यक्ष, आणि म्तेन्दाजी, म्हणजे आपल्या ग्रामसेवकासारखे, असे दोघं असतात. पत्र दाखवायचं, पाहुण्यांच्या वहीत सही करायची, चार शब्द बोलायचे. हे टाळून सरळ शाळेत गेलात तर कोणी रागावणार नाही, पण गावाच्या लेखी तुम्ही अजून आलेलेच नसता.

नमस्कार इथे घाईत उरकत नाहीत. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणायचं. ते 'मराहाबा' म्हणतील. मग घरची खबर, कामाची खबर, पोरांची खबर. दारात उभं राहून 'होदी' म्हणायचं आणि आतून 'करिबू' आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. पहिले दोन आठवडे मी विहिरीवर जाताना दहा मिनिटांचा रस्ता चाळीस मिनिटांत चालायचे. चिडचिड व्हायची. नंतर कळलं, तोच माझा स्वाहिलीचा, म्हणजे इथल्या भाषेचा, क्लास होता.

स्वाहिलीला घाबरू नका, अर्धी ओळखीची निघते. दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, रांगी म्हणजे रंग, हेसाबू म्हणजे हिशेब, दावा म्हणजे औषध, बिमा म्हणजे विमा. कोरा चहा हवा असेल तर 'चाय या रांगी', रंगाचा चहा. आणि लाखाला लाकी! पगाराचे आकडे ऐकताना एकदम घरच्यासारखं वाटतं. मक्याला मात्र 'माहिंदी' म्हणतात आणि आपल्याला 'म्हिंदी', त्यावर वर्गात हशा ठरलेला. म्हिंदी म्हटला की दुकानदार, असा इथला जुना समज आहे. "तुमचं दुकान कुठंय?" असं मला वर्षभर विचारत होते.

वेळेचं नीट लक्षात ठेवा. पहिल्याच महिन्यात पालकसभा 'सा न्ने'ला आहे असा निरोप आला. न्ने म्हणजे चार, एवढं मला येत होतं. संध्याकाळी चारला साडी नेसून गेले, तर शिपाई बाकं उचलत होता. सभा सकाळी दहाला होऊन गेलेली. इथे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात, आपल्या जुन्या घटकांसारखे; सकाळचे सात म्हणजे एक. युक्ती सोपी: तासकाट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचा.

आता शाळा. सातवीपर्यंत सगळं स्वाहिलीत, आणि माध्यमिकच्या फॉर्म वनपासून एकदम इंग्रजी. लातूरच्या मराठी शाळेतून अकरावी सायन्सला गेलेल्या मला ते चेहरे ओळखायला वेळ लागला नाही. फळ्यावरचं सुबक अक्षरात उतरवून घेतात, 'अंडरस्टूड?' विचारलं की साठ जण एका सुरात 'येस मॅडम'. एकदा डेन्सिटी शिकवून झाल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हटलं, सांग. ती उभी राहिली आणि बोटाने बाकाची फट खरवडत राहिली. मग मी मोडक्या स्वाहिलीत विचारलं, पाण्यात तेल ओतलं तर वर कोण? "माफूता!" म्हणजे तेल, एकदम चार जण ओरडले. मागचा एक म्हणाला, केरोसीनही वर राहतं, आई रागावली होती. पुढची वीस मिनिटं वर्ग त्यांनीच चालवला. नियमाने तास इंग्रजीतच हवा आणि फॉर्म फोरची परीक्षाही इंग्रजीत, म्हणून शेवटची दहा मिनिटं तेच सगळं इंग्रजीत लिहून घ्यायचे. माझं मत स्पष्ट आहे: येण्याआधी विमानाच्या तिकिटाइतकाच खर्च स्वाहिलीच्या शिकवणीवर करा.

छडी चालते. कायद्याने मुख्याध्यापकांच्या परवानगीने, प्रत्यक्षात जरा सैल. मी पहिल्याच दिवशी त्यांना एकटं गाठून सांगितलं की माझ्याच्याने हे होणार नाही. स्टाफरूममध्ये भाषण ठोकलं नाही. माझ्या तासाला गोंगाट जास्त व्हायचा, झाला.

ताप आला तर अंगावर काढू नका. दवाखान्यात बोटातलं थेंबभर रक्त घेऊन मलेरिया तपासतात. 'म्सेतो'च्या गोळ्या दिल्या तर बरं वाटलं तरी पूर्ण करा. कोणी उसने पैसे मागितले तर व्यक्तीला नाही म्हणा, पण गावात मयत झाली की 'रांबीरांबी'चे पैसे द्या आणि जाऊन बसा. त्या दिवशी शिकवणं बुडालं तरी चालेल.

शाकाहाऱ्यांनी 'सिली न्यामा', म्हणजे मी मांस खात नाही, एवढंच म्हटलं तर ताटात कोंबडी येईल, कारण न्यामा म्हणजे मटण-बीफ. कुकू आणि सामाकी, कोंबडी आणि मासा, वेगवेगळे नाकारावे लागतात. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आठवड्यात अंगवळणी पडतो. सोबतचा म्चिचा म्हणजे आपला माठच.

आणि तूर! बाबातीत मक्याच्या ओळींमध्ये तूर पेरतात, म्बाझी म्हणतात. ती मुख्यतः आपल्याकडेच विकली जाते. २०१७ साली भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली, भाव कोसळले, तेव्हा गावच्या भेटीत एका म्हाताऱ्याने मला बाजारात अडवून विचारलं, "म्वालिमू (म्हणजे बाई, शिक्षिका), तुमच्या लोकांनी तूर खाणं सोडलं का?" काय सांगणार? आमच्याकडच्या शेतकऱ्याचाही तोच भाव पडला होता, एवढंच म्हणाले.

तूर पिकते, पण खेड्यात दालमिल नाही. अख्खी तूर कोळशाच्या शेगडीवर तासन्‌तास शिजते, म्हणून कुकर. शेजारच्या मामाने पहिल्यांदा माझं वरण चाखलं (मामा म्हणजे इथे बाई, गोंधळू नका), वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "दात असताना म्बाझीची पेज का केलीस?" पुढच्या रविवारी मात्र लेकीच्या हातून दोन शेर तूर पाठवली, निरोपासकट: शिट्टीवालं भांडं घेऊन ये.