बंबात पॅलेटचं लाकूड धुमसतं, पाणी तापत नाही: माझा अनुभव

उद्यमबागेतल्या कारखान्यांतून भंगारात मिळणारी पॅलेटं (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) आम्ही बंबाला जाळतो. पावसाळ्यात लाकूड सूं-सूं करत धुमसायचं, न्हाणीघर धुरानं भरायचं, बंबाच्या मधल्या नळीत चिकट डांबर साचायचं आणि पाणी कोमटच. रॉकेलचा बोळा, करवंट्या, फुंकणी, सगळं झालं. क्षणभर जाळ, पुन्हा धूर. जीव मेटाकुटीला आला.

कारण ओलावा. ओल्या लाकडातलं पाणी वाफ होताना उष्णता खातं, आणि पाण्यानं वेढलेल्या गार नळीवर धूर डांबर होऊन बसतो.

आधी पॅलेटवरचा शिक्का बघा. एचटी (HT) म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं, तेच घ्या. हा उपाय कीड मारण्यासाठी असतो. भिजलं की तेही ओलंच. एमबी (MB) म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीडनाशक वायूची धुरी दिलेलं. ते, रंगवलेलं, तेलकट आणि दाबलेल्या भुश्शाचे ठोकळे अजिबात जाळू नका. मग खिळे उपसून फळ्यांचे वीतभर तुकडे करा. पत्र्याखाली, जमिनीपासून उचलून, मधे फट ठेवून आडवे-उभे रचा. दोन तुकडे आपटून टणत्कार आला तर वाळले. बद्द आवाज आला तर राहू द्या.

पेटवण्याआधी गार नळी घासा, जाळीखालची राख काढा, बंब पाण्यानं भरा (रिकामा तापला तर सांधे सुटतात). ढलप्यांचा लाल निखारा झाल्यावरच तुकडे थोडे थोडे सोडा. नळी गच्च भरली की हवा कोंडते.

राखेत राहिलेले खिळे लोहचुंबकानं वेचा.