पैठण ते शहागड कयाकने: बंधारे सुखरूप कसे ओलांडावेत

पैठणच्या खाली गोदावरी शांत दिसते, कारण ती अडवलेली आहे. पैठण ते शहागड या टप्प्यात आपेगाव आणि हिरडपुरी हे दोन मोठे बंधारे लागतात, आणि तुम्ही वल्हवता ते बहुतेक सगळं त्यांच्या फुगवट्याचं, म्हणजे भिंतीमागे साचलेलं, पाणी. त्यामुळे या सफरीत वल्हवणं सोपं आहे, बंधारा ओलांडणं अवघड आहे. तरीही मिळणारे सल्ले वल्हं कसं धरायचं यापुढे जात नाहीत.

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ निवडा. पावसाळ्याच्या शेवटी बंधाऱ्यांचे दरवाजे बंद होतात आणि फुगवटा भरतो. उन्हाळ्याकडे जाताना उपशाने पाणी उतरतं, खडक आणि वाळूचे खड्डे उघडे पडतात, जलपर्णी एका कडेला दाटते. फाल्गुनात गेलातच तर नाथषष्ठीच्या दिवसांत पैठणचे घाट टाळा.

निघण्याच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळी पुन्हा, पैठणच्या जायकवाडी धरणातून नदीपात्रात विसर्ग सुरू आहे का, याची चौकशी करा. फक्त पूर आल्यावरच पाणी सुटतं असं धरून चालू नका. जलविद्युत केंद्रातून पाणी येतं, आणि खालचे बंधारे भरून द्या अशी शेतकऱ्यांची मागणी असली की ऐन उन्हाळ्यातही सोडलं जातं. विसर्ग सुरू असेल तर जाऊ नका. ‘थोडाच आहे’ हे कारण चालत नाही. थोड्या विसर्गासाठीसुद्धा खालच्या बंधाऱ्याचं एखादं दार उचललं जाऊ शकतं.

सुरुवात धरणाच्या खालूनच. धरणामागचा जलाशय, नाथसागर, हे पक्षी अभयारण्य आहे, तिथे कयाक उतरवू नका.

अंतर सरळ रेषेत मोजलं तरी तीस किलोमीटरच्या वर जातं, नदीच्या वळणांनी आणखी वाढतं. संथ पाण्यात निवांत हाताने तासाला चार किलोमीटर धरा आणि तीन दिवस ठेवा. पहाटे उजाडताच निघा. नदी पूर्वेला वाहते आणि हिवाळ्यात वारा बऱ्याचदा त्याच बाजूने येतो. दिवस वर आला की तो थेट तोंडावर बसतो आणि वेग बराच घटतो. लाइफ जॅकेट पाण्यावर असेपर्यंत अंगातच. पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर, घरून भरलेलं.

वाटेत काठाला शेतकऱ्यांच्या मोटारी लागतील, काही तराफ्यावर, काही पाणबुडी. त्यांची केबल पाण्यातून किंवा पाण्याला टेकून गेलेली असते आणि तिचे जोड बरेचदा नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळलेले असतात. केबल हाताने उचलून खालून जायचं नाही, वल्ह्यानेही नाही, मग मोटार बंद दिसो की चालू. शेतीची लाइट केव्हा येईल ते काठावरून कळत नाही. तराफ्यापासून वीस-पंचवीस मीटर दूर, नदीच्या मध्याकडून जा. ओळीने तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्या दिसल्या तर ते भोयांचं जाळं. टोकाला वळसा घाला, वरून ओढत नेऊ नका. वाळू उपसणारी केनी दिसली तर तिचे दोर कुठवर ताणलेत ते आधी बघा.

आता बंधारा. ‘वरून पाणी पडत नसेल तर भिंतीपर्यंत जायला हरकत नाही’ हा सल्ला जीवघेणा आहे. या बंधाऱ्यांचं दार वर उचलतात, म्हणजे पाणी खालून सुटतं. दार वीतभर उचललेलं असलं तरी वरचं पाणी आरशासारखं स्थिर राहतं, आवाज पलीकडच्या बाजूला होतो, आणि ओढ तळाशी असते. दारापाशी गेलेली कयाक आडवी होऊन त्याला चिकटते, उलटली की माणूस त्या फटीकडे खेचला जातो. तिथून जोर लावून बाहेर येता येत नाही. पाणी दारावरून सांडत असेल तर धोका पायथ्याशी: पडलेलं पाणी फिरून भिंतीकडेच परत येतं आणि तरंगणारी वस्तू तिथेच घोळत ठेवते.

म्हणून घरीच उपग्रह नकाशावर दोन्ही बंधाऱ्यांवर आणि मधे दिसणाऱ्या प्रत्येक आडव्या रेघेवर खूण करा. खुणेच्या एक किलोमीटर आधीपासून काठाकाठाने चला. खांबांची रांग स्पष्ट दिसू लागली की, तीनशे मीटर अलीकडे, थांबा. एकाने चालत जाऊन बघून यायचं: दारं पूर्ण बंद आहेत का, चौकीदार आहे का, दुपारपर्यंत एखादं दार उचलायचं आहे का. त्याला सांगितल्याशिवाय त्याच्या हद्दीतून कयाक नेऊ नका. कोणता काठ धरायचा हे गाडीरस्ता कुठून येतो त्यावर ठरवा.

उतरताना खरी अडचण गाळाची. फुगवट्याच्या काठाला काळ्या मातीचा गाळ साचतो, वरून वाळून तडकलेला, आत लोण्यासारखा. उतरण्याआधी वल्हं उभं दाबा. पातं पूर्ण आत गेलं तर पाय ठेवू नका. दगडी पिचिंग (काठावर रचलेला दगडांचा थर), जनावरांचा पाणवठा किंवा धुण्याचे दगड असलेली जागा शोधा. तरीही पाय रुतलाच तर उपसायला झटके देऊ नका, कयाकवर आडवं पडून भार तिच्यावर टाका आणि पाय हळूहळू सोडवा.

मग कयाक पूर्ण रिकामी करा. भरलेली कयाक दोघांनी उचलली की पिचिंगवर घोटा मुरगळतो, आणि ओढत नेली तर तळ सोलतो. सामान आधी पलीकडे, कयाक नंतर. उतारावर मागून दोर लावून एकाने धरायची.

पलीकडे लगेच पाण्यात टाकू नका. भिंतीखाली काँक्रीटचा ओटा आणि ठोकळे असतात, त्यापुढे उघडा खडक. दारं बंद असली की पुढच्या फुगवट्याचं शेपूट लागेपर्यंत नुसती बारीक धार उरलेली असू शकते, आणि कयाक त्यात खरवडत नेणं म्हणजे दोघांचीही हाडं मोजणं. गावातून छोटा हत्ती टेम्पो किंवा बैलगाडी ठरवा आणि पाणी पुन्हा गुडघाभर होईल तिथे उतरा. एका बंधाऱ्याला दोन तास धरा. उन्हं कलल्यावर सुरू करू नका. अंधारात दार आणि खांब यांतला फरक कळत नाही.

मुक्कामाला आपेगाव बरं. संत ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचं हे गाव गोदावरीच्या काठालाच आहे, विचारलं की जागा मिळते. वाळूच्या बेटावर तंबू अजिबात नको. रात्री विसर्ग वाढला की बेट आधी जातं. कयाक काठावर उलटी करून झाडाला बांधा.

शहागडला सोलापूर–धुळे महामार्गाचा पूल लांबूनच दिसतो. खांबांना फांद्या आणि जलपर्णी अडकलेली असते, म्हणून पुलाच्या अलीकडेच काठाला लागा. गाडी कुठवर खाली येते ते पहिल्याच दिवशी पैठणला येताना बघून ठेवा. कयाक तिथेच स्वच्छ पाण्याने धुऊन जलपर्णीचे तुकडे काढून टाका. कोंब असलेला एक तुकडा दुसऱ्या तळ्यात गेला तरी तिथे वाढतो.