चादरींचे दर एकदाच वाचा, सगळ्यांना पुरवा
सोलापुरी चादरी-टॉवेलच्या ऑर्डर घेणारं जावा अ‍ॅप प्रत्येक क्लिकला दरांसाठी डेटाबेसकडे धावतं. गरज नाही.

१. दरांसाठी एक ईजेबी क्लास (एंटरप्राइज जावाबीन, म्हणजे सर्व्हर सांभाळतो तो जावा घटक) करा; त्यावर सिंगलटन (एकच प्रत) आणि स्टार्टअप (अ‍ॅप सुरू होतानाच तयार) ही अ‍ॅनोटेशन, म्हणजे कोडवरच्या खुणा, लावा.

२. पोस्टकन्स्ट्रक्ट मेथडमध्ये (प्रत तयार झाली की आपोआप चालते ती) दर वाचून मॅपमध्ये, म्हणजे मेमरीतल्या माल-दर यादीत, भरा.

३. दर सांगणाऱ्या मेथडवर रीड लॉक (अनेकांना एकाच वेळी वाचू देणारा) लावाच. हे हमखास राहून जातं. काहीच न लिहिल्यास राइट लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारा) लागतो, मग डबल चादरीचा दर नुसता बघायलाही व्यापारी एकामागे एक रांगेत! दर बदलणाऱ्या मेथडचा राइट लॉक मात्र तसाच राहू द्या.

सांभाळा: अ‍ॅप दोन सर्व्हरवर चालत असेल तर दोन्हीकडचे सिंगलटन वेगळे असतात. दर बदलला की दोन्ही ठिकाणी मॅप पुन्हा भरा.