बाथरूम फोडायच्या आधी ठेकेदार कसा बघायचा

आमच्या बाथरूमचं काम दोनदा झालं, एकदा स्वस्तात आणि दुसऱ्यांदा ते स्वस्तातलं निस्तरायला. पहिल्या ठेकेदाराने मोबाइलवर चकाचक टाइल्सचे फोटो दाखवले, आम्ही भुललो, चार महिन्यांत खालच्या काकूंच्या छताला ओल, भिंतीचे पोपडे, आणि ह्याचा फोन स्विच ऑफ. दुसऱ्या वेळी काय काय तयारी केली ते लिहितेय.

आधी वही घ्या. नुसतं "बाथरूम नवीन करायचंय" म्हटलं की प्रत्येकजण आपल्या मनाने काम धरून भाव सांगतो, मग तुलना कशाची करणार? जुन्या टाइल्स काढायच्या की त्यावरच बसवायच्या, पाइप बदलायचे का, गिझरचा पॉइंट कुठे, भिंतीला टाइल्स किती फुटांपर्यंत, हे सगळं लिहा आणि तीच यादी तिघांना द्या. सोसायटीची परवानगी, डिपॉझिट, ठोकाठोकीच्या वेळा आणि राडारोडा कोण उचलणार हेही तेव्हाच विचारून घ्या. आमच्याकडे दुपारी २ ते ४ आवाज बंद, त्यामुळे ठेकेदाराने सांगितलेल्या ८ दिवसांचे १२ झाले, आणि यात त्याची चूक नव्हती.

आता माणूस. फोटो नको, त्याने केलेलं घर बघायला मागा, तेही गेल्या महिन्यातलं नाही, वर्ष-दोन वर्षं वापरातलं. तिथे गेलात की टाइल्सवर एक नाणं वाजवत जा, खाली पोकळ असेल तर डबडब आवाज येतो, आणि मगभर पाणी लांबच्या कोपऱ्यात ओतून ते आपलं आपण जाळीकडे जातंय की मध्येच थबकतंय ते बघा. आणि खरं सांगू का, त्या घरमालकापेक्षा त्याच्या खालच्या मजल्यावरच्यांना विचारा. वरचा माणूस टाइल्सचं कौतुक करेल, खालचा सरळ छत दाखवेल. आम्ही असंच एकाचं काम बघायला गेलो, वर सगळं छान, खाली आजोबांनी छताकडे नुसतं बोट केलं, तो ठेकेदार तिथेच बाद.

सगळ्यांना एकच प्रश्न विचारा, वॉटरप्रूफिंग कसं करणार? "ताई टेन्शन घेऊ नका, १० वर्षं बघायला नको" हे उत्तर नव्हे. आमचा दुसरा म्हणाला, जुना कोबा, म्हणजे टाइल्सखालचा थर, पूर्ण काढणार, पाइपांचे सांधे आणि न्हाणी ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या भांड्याच्या, कडा भरणार, केमिकलचे कोट भिंतीवरही फूटभर चढवणार आणि टाइल्सच्या आधी ४८ तास पाणी भरून ठेवणार. मग प्लंबर त्याचा स्वतःचा की ऐनवेळी कुणीतरी पाठवणार, साइटवर रोज थांबणार कोण, हेही विचारा, कारण बोलायला येणारा आणि घमेलं उचलणारे वेगळे असतात.

कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर एका आकड्यात येतं, ते घेऊ नका. नुसती मजुरी की मटेरियलसकट, टाइल्सची तूट कुणाच्या अंगावर, पाइप नि नळ कुठल्या कंपनीचे, सगळं लिहून मागा, "चांगल्या कंपनीचे" नावाची कंपनी नसते. बेसिनखाली कपाट करणार असाल तर प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का आहे का बघा. जीएसटी १८ टक्के वेगळा लावत असेल तर नंबर मागा, १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, जीएसटीच्या साइटवर टाकला की नाव दिसतं. छोट्या ठेकेदाराकडे नंबर नसतो, त्यात गैर काही नाही, पण मग तो जीएसटीही लावू शकत नाही.

पैशांचं आधीच ठरवा. तोडफोडीआधी थोडी उचल, मग पाइप झाले की, टाइल्स झाल्या की, असे टप्पे, आणि शेवटचे १० टक्के हातात ठेवायचेच. "मटेरियल आणायचंय, अर्धे द्या" म्हणाला तर मटेरियल तुम्हीच दुकानातून घ्या, बिल तुमच्या नावावर राहतं. हे सगळं स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या, महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा चालत नाही, ५०० चा लागतो. पेमेंट बँकेतून करा, कारण उद्या वाजलंच आणि ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करायची वेळ आली तर दाखवायला कागद लागतो. आमच्याकडे पहिल्या वेळी त्याचा डीपी सोडून काही नव्हतं.

आणि ते ४८ तासांचं पाणी भरलेलं असताना वर बसून राहू नका, खाली जा. मी दोन्ही दिवस सकाळ-संध्याकाळ काकूंकडे जाऊन स्टुलावर चढून छताला हात लावून आले, कोरडं होतं, मगच टाइल्सला हो म्हटलं.